हजर नसलेल्यांची हजेरी

आलेख

मैदानात येणाऱ्या प्रेक्षकांच्या आलेखात डावीकडून निघालेली पहिली रेघ क्रिकेटची. ती बराच काळ ऐटीत वर चढते. मग हातातल्या पडद्यावर चेंडूची शिवणसुद्धा दिसायला लागते, तिकिटं महागतात, आणि रेघ उतरणीला लागते. कबड्डीची रेघ बेडकासारखी: लीग आली की उडी, लीग संपली की पुन्हा चिखलात. कोल्हापूरच्या फुटबॉलची रेघ आडमुठी. पेठेचा संघ खेळतोय म्हटल्यावर पेठ येणारच, मग डोक्यावर ऊन असो की घरात लग्न. आणि सगळ्यांच्या तळाला कुस्ती. वर्षभर निपचित पडलेली, जत्रांच्या हंगामात मात्र एकेक सुळका असा की कागद फाटावा.

मग एक उभी तुटक रेघ येते. तिच्याशेजारी एकच शब्द लिहिलाय: हजेरी.

त्या तुटक रेघेच्या उजवीकडे सगळंच वर जातं. क्रिकेट वर, कबड्डी वर, फुटबॉल वर, कुस्ती तर आभाळाला टेकलेली. पडणारा खेळ नाही, रिकामं मैदान नाही. असा आलेख जगात कुठल्याच गोष्टीचा नसतो. लबाडीचा मात्र असतो.

'हजेरी' कंपनीच्या पुण्याच्या ऑफिसात हा आलेख भिंतभर लावलेला होता. तेजश्री वाघमोडे तिथं ध्वनिअभियंता होती. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात तिनं हजेरीच्या प्रमुखांना, निनाद सरपोतदारांना, विचारलं होतं, "सर, ह्या उजवीकडच्या भागात माणसं किती?"

सरपोतदार हसले. "प्रेक्षक म्हण, तेजश्री. माणूस हे जुनं एकक झालं."

त्या वेळी तीही हसली होती.

विज्ञान, फसवणूक कळायला लागतं तेवढंच

दहा हजार माणसं एकदम ओरडली की कानाला एकच लाट ऐकू येते. पण मैदानाभोवती पुष्कळ मायक्रोफोन लावले, तर एकाच माणसाचा आवाज प्रत्येक मायक्रोफोनपाशी किंचित वेगळ्या क्षणी पोचतो. फरक पापणी लवण्याहूनही लहान. पण संगणकाला तेवढा पुरतो. दोरखंडाचा पीळ उलगडून एकेक धागा मोकळा करावा, तसा तो गर्दीतून एकेक आवाज सोडवून घेतो. हा डावीकडचा घोगरा. ही शिट्टी मारणारी. हा ओरडण्याआधी खोकणारा.

मग त्या एका माणसाचं वर्षानुवर्षांचं ओरडणं त्या त्या वेळच्या खेळाच्या चित्रापुढं ठेवायचं. कुस्तीत ढाक हा डाव लागला तेव्हा हा काय म्हणाला? पैलवान निसटला तेव्हा किती चिडला? एवढं शिकवलं की त्या माणसाची आवाजी प्रतिमा तयार होते. ती कॅमेऱ्यातून नवी कुस्ती बघते आणि तो माणूस जे ओरडला असता ते ओरडते. मैदानातल्या प्रत्येक खुर्चीत एक स्पीकर. एक खुर्ची, एक आवाज, एक प्रेक्षक. खुर्चीवरचा चेहरा टीव्हीवर रंगवून मिळतो.

खेळावर होणारा परिणाम मात्र खराच. घरच्या मैदानावर आवाज चढला की पंचांचे निर्णय घरच्या संघाकडे झुकतात, हे शास्त्रज्ञांनी फार पूर्वीच मोजून ठेवलंय. खेळाडूचं रक्त आवाजाकडे ओळखपत्र मागत नाही.

इथवर विज्ञान. पुढचं विज्ञान नव्हे. पुढं खेळांच्या महासंघानं एक व्याख्या बदलली: प्रेक्षक म्हणजे मैदानातल्या जागेवरून सामन्याला प्रतिसाद देणारा कोणीही. त्या वाक्यात माणूस कुठंच नाही, हे बघायला भिंग लागत नाही. पण कुणी बघितलं नाही. जाहिरातदार प्रेक्षकांच्या संख्येवर बोली लावतात. आणि खरा प्रेक्षक उन्हात बसतो, पाणी मागतो, मुतारी कुठाय विचारतो, वर खेळ फसवा निघाला तर आयमाय उद्धारतो. खुर्चीतला स्पीकर यातलं काही करत नाही. मग कुणाला बोलवायचं, हे काय व्यापाऱ्याला शिकवावं लागतं?

जाहिरात

आपलं माणूस गेलं? त्याची जागा गेली नाही!
त्याचा आवाज मैदानात. त्याचा आवाज तुमच्या कानात.
हजेरी. आता कुणीच गैरहजर नाही.

आप्पा

बिरू वाघमोडे, तेजश्रीचे आप्पा, सोनसरीच्या डेअरीचा टँकर चालवायचे. आयुष्यात त्यांनी कुस्ती एकदाच केली आणि त्यात त्यांचा खांदा निखळला. पण सोनसरीच्या जत्रेतलं मैदान त्यांच्यावाचून सुरू व्हायचं नाही. आधी खाकरून खोकायचे, मग "धर त्येलाऽऽ! माती सोडू नगं!" अशी आरोळी, की पलीकडच्या रानातली कुत्री भुंकायला लागायची.

ते वारल्याला चार वर्षं झाली होती. त्यांचा आवाज सोनसरीच्या जुन्या ध्वनिमुद्रणांतून सोडवून काढलेला होता. दिवस झाल्यावर लगेचच कंपनीचा माणूस घरी आला तेव्हा तेजश्रीच्या आईनं, मंगलनं, एकच विचारलं, "खोकत्यात का त्यात?" त्यानं ऐकवलं. खोकत होते. मंगलनं लगेच अंगठा लावला.

तेव्हापासून कुठंही मैदान असलं आणि आप्पांची प्रतिमा तिथल्या खुर्चीत लावलेली असली, की मंगल कानात ते बोंडाएवढं यंत्र घालून बसायची. सोबत निवडायला शेंगा, नाहीतर तांदूळ.

"आज काय म्हणाले आप्पा?" तेजश्री फोनवर विचारायची.

"काय म्हनायचं? त्या लांबुडक्या पैलवानाला म्हनले, जेवून न्हाय आलास का रं? मला हसूच आलं बग."

तेजश्रीला हे गोडही वाटायचं आणि कुठंतरी खुपायचंही. आई आता भजनाला जात नव्हती. बहिणीकडे जात नव्हती. "आज त्यांची कुस्ती हाय," म्हणायची.

मग एका रविवारी मंगलचाच फोन आला.

"तेजे, आज तुझे आप्पा चुकले."

"म्हणजे?"

"म्हंजी चुकले. सांगलीकडं कुस्ती हुती. सर्जेराव तात्या तिथं बसून आलेत, त्ये म्हनले, उघड उघड नूरा. आधीच ठरीवलेली. आनि तुझे आप्पा कानात वा रं वा, वा रं वा!" मंगलनं आवाज उतरवला. "तब्बेत बिघडलीय का त्यांची? यंत्राची गं. यंत्राची म्हंते मी."

गप्प बसणं

इथं सोनसरीची एक रीत सांगायला हवी. बाकीच्या गावांत नूरा कुस्ती लागली की हुर्यो उडवतात, माती फेकतात, चपला फेकतात. सोनसरीत नाही. सोनसरीत मैदान गप्प होतं. हलगीवाला हलगी मातीत पालथी घालतो. आणि माणसं, एकेक करून, आखाड्याकडे पाठ करून उभी राहतात. ना शिवी, ना शिट्टी. पैलवानाला चप्पल परवडते. हजारो पाठी परवडत नाहीत. सोनसरीच्या पाठी बघितलेला गडी पुन्हा नूरा करत नाही, असं आसपासच्या तालमींत म्हणतात.

सगळ्यांत आधी पाठ फिरायची ती बिरू वाघमोड्यांची.

त्या काळी बायका मैदानात बसत नसत. मंगल घराच्या गच्चीवरून मैदान ऐकायची. बघायची नाही, ऐकायची. "मैदान गप पडलं की मी चुलीतला जाळ मागं वढायची," ती सांगायची. "आता ह्यो मानूस फुगून येनार. भाकरी खानार न्हाय, बोलनार न्हाय."

तेजश्रीनं फोन ठेवला तेव्हा तिला सगळं कळलं होतं. कुठलंही ध्वनिमुद्रण शिकवायला घेण्याआधी त्यातले निःशब्द तुकडे कापून टाकायचे, हा तिच्या धंद्यातला पहिला धडा. जागा वाचते, वेळ वाचतो. शांततेत शिकण्यासारखं काय असतं? आप्पांच्या आयुष्यातल्या सगळ्यांत मोठ्या आरोळ्या अशा कचऱ्यात गेल्या होत्या. उरलेल्या यंत्राला ओरडता येत होतं, खोकता येत होतं, थट्टा करता येत होती. गप्प बसणं मात्र त्याला येतच नव्हतं.

आप्पांचा होयबा करून ठेवला होता. मेल्यावर.

सरपोतदारांच्या केबिनमध्ये

"सर, ही चूक आहे. दुरुस्त करता येईल. मूळ मुद्रणं आहेत आपल्याकडे. शांततेसकट पुन्हा शिकवू."

"आणि मग?"

"मग नूरा कुस्ती लागली की प्रतिमा गप्प बसतील."

सरपोतदारांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे मैदान गप्प. टीव्हीवर अर्धा तास गप्प मैदान. तेजश्री, शांततेला प्रायोजक मिळाल्याचं ऐकलंयस कधी?"

"पण ते खोटं बोलतायत, सर! माझे वडील असं कधीच..."

"तुझे वडील नाहीत ते. तुझ्या वडिलांनी दिलेला प्रतिसाद आहे."

"मग आकडा लावताना प्रेक्षक म्हणून कसा लावता? आकड्यात माणूस, आणि तक्रार आली की प्रतिसाद?"

बाहेर कुणीतरी कॉफीच्या यंत्राशी झटत होतं. सरपोतदारांचा आवाज मऊ झाला, आणि त्यांचा आवाज मऊ झाला की ऑफिसात लोक खुर्चीत सावरून बसत.

"पुढच्या महिन्यात सोनसरी तूच सांभाळणार आहेस. तुझं गाव, चांगली बातमी होईल. मगदूम विरुद्ध मुलाणी, शेवटची कुस्ती. मोठी कुस्ती आहे, लांबायला हवी, आणि शेवटी दोघांचंही नाव राहायला हवं. कळतंय ना? मध्ये काही बंद पडलं तर करार मोडला असं धरलं जातं. करार मोडला की त्या मैदानाचे आवाज कंपनीकडे राहतात, घरच्यांना मिळत नाहीत. तुझी आई रोज ऐकते म्हणे."

तेजश्री उठली आणि केबिनबाहेर पडली.

सोनसरी, मैदान

कडूनिंबाखालचा तोच जुना आखाडा. माती हळद, ताक, तेल घालून मळलेली. सभोवार पायऱ्यांवर आता खुर्च्या, खुर्च्यांत स्पीकर. खऱ्या माणसांसाठी फक्त पुढच्या दोन ओळी होत्या. टीव्हीवर घाम दिसावा म्हणून तेवढी लागतात. बाकीच्या गावाला सांगितलं होतं, घरीच बघा, जागा भरलीय.

आणि खरंच भरली होती. दुपारी कुस्त्या सुरू झाल्यापासून मैदान गर्जत होतं. मेलेले, म्हातारे, मुंबईला गेलेले, सगळे.

मंगल आयुष्यात पहिल्यांदा मैदानात आली. इरकल नेसून, कानात यंत्र घालून. जत्रा समितीचे सर्जेराव तात्या पुढं धावले. "वैनी, हितं या, म्होरं बसा."

"मला ह्यांच्या शेजारी बसायचंय."

तात्यांनी तिला वर, तिसऱ्या ओळीत नेलं. आप्पांची खुर्ची. मंगल तिच्या शेजारच्या पायरीवर बसली. खुर्ची खोकली. "धर त्येलाऽऽ!" मंगलनं पदर सावरला, जसा माणसाजवळ बसताना सावरतात. सगळ्यांत वरच्या पायरीवर, मांडवात, यंत्रांच्या मागं बसलेल्या तेजश्रीनं मान खाली घातली.

शेवटची कुस्ती. रणधीर मगदूम, समीर मुलाणी. दोघंही देखणे, दोघंही तयारीचे. सलामी झाली, हलगीवाल्या नामानं हलगी कडकडवली.

थोड्याच वेळात नामाचा हात मंदावला. मगदूमनं पट काढला तो असा, की समोरच्याचा पाय आधीच उचललेला. मुलाणी खाली गेला, पण खाली जाणाऱ्याची मान जशी ताठते तशी ताठली नाही. मुलाणीनं घिस्सा डाव मारला. मगदूम वाट बघत असल्यासारखा कलंडला आणि सावकाश सुटला. दोघांच्या अंगावरची माती ओली व्हायला तयार नव्हती.

"वा रं वा!" मैदान गरजलं. "वा रं पठ्ठ्या!" हजारो कंठ. टाळ्यांनी कडूनिंबाची पानं हलली.

पुढच्या ओळीतल्या माणसांनी एकमेकांकडे बघितलं. तात्यांनी डोळे चोळले.

"नामा, मला कायतरी वायलंच दिसतंय."

"मला बी, तात्या."

"पन सगळं मैदान टाळ्या वाजवतंय की रं." तात्या मागं वळून त्या खुर्च्यांकडे बघत राहिले. "आपलंच डोळं म्हातारं झालं असत्याल."

चोरी ही इथं होती. कुस्ती आधीही विकत घेता येत होती. दोन पैलवान काय, कुणीही फोडावेत. पण बघणारे फोडता येत नव्हते. न्यायाधीश हजारोंनी पायऱ्यांवर बसलेला असायचा, त्याला कुठल्या खिशातून लाच देणार? आता तोच खुर्चीखाली वायरला बांधलेला होता. आणि उरलेली खरी माणसं स्वतःच्या डोळ्यांची माफी मागत होती.

"वा रं वाऽऽ!" आप्पांची खुर्ची ओरडली.

मंगलनं खुर्चीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग ती उठली, पदर डोक्यावरून घेतला, आणि आखाड्याकडे पाठ करून उभी राहिली.

खाली नामाला ती दिसली. त्यानं हलगी पालथी घातली. मग तात्या उठले, गुडघ्यावर हात देत. मग दोन्ही ओळी. मूठभर पाठी, आणि त्यांच्यावर टाळ्यांचा धबधबा. पैलवानांचं लक्षही गेलं नाही. जाणार कसं? मैदान तर खूश होतं.

पाठ फिरवलेल्या मंगलचं तोंड आता वर, मांडवाकडे होतं. तेजश्री पायऱ्या उतरत धावली. जवळ गेल्याशिवाय बोलणं ऐकू येणं शक्य नव्हतं.

"आई! पैलवानांना पाठी दिसत नाहीयेत, आवाज फार आहे!"

"मग बंद कर की!"

"बंद केलं तर आप्पाही जातील! कायमचे! पुन्हा नाही मिळणार ऐकायला!"

खुर्ची खोकली. मंगलचा हात आपोआप खुर्चीच्या पाठीकडे गेला, आणि मध्येच थांबला.

"वा रं पठ्ठ्याऽऽ!"

"तुझा बा नूराला वा म्हनंल व्हय गं?" मंगलनं खुर्चीकडे बोट केलं. "चार वर्सं मला वाटलं, बोलतोय तो त्योच. आगं, जो गप बसंना, त्यो बिरू वाघमोडे कसला? जा. बंद कर त्ये भाड्याचं तोंड."

तिनं कानातलं यंत्र काढलं आणि लेकीच्या मुठीत दिलं.

तेजश्री वर गेली. सरपोतदारांचा मऊ आवाज आठवला. त्याला उत्तर द्यायचं होतं, पण उत्तर बोटांतच होतं. तिनं मुख्य खटका खाली ओढला.

 

 

गप्प.

चार वर्षांनी सोनसरीचं मैदान गप्प झालं. आखाड्यात दोन पैलवान एकमेकांच्या गळ्यात हात अडकवून उभे राहिले, सिनेमाची रीळ मध्येच अडकल्यासारखे. मुलाणीनं मान वळवली. त्याला पाठी दिसल्या. थोड्याच होत्या, पण सोनसरीच्या होत्या. त्याचा वस्ताद कडेला उभा होता, त्यानंही हळूच पाठ फिरवली.

आणि गावात? गावात घराघरांतल्या पडद्यांवर आवाज अचानक गेला. पण लोकांनी पडदे बघितले नाहीत. ते गच्च्यांवर आले. लेकरं सोडून बाकी सगळ्यांना ती शांतता ओळखू आली. कुणी हातातलं पीठ तसंच ठेवून, कुणी मोटारसायकलवर, कुणी म्हाताऱ्या सासूला धरून मैदानाकडे निघालं. कुंपणापाशी कंपनीचा रखवालदार होता. "जागा भरलीय," तो म्हणाला. एका आजीनं त्याला नुसतं बाजूला सारलं.

मुलाणीनं मगदूमच्या गळ्यातला हात काढला. वाकून मूठभर माती उचलली, अंगाला चोळली. मग शड्डू ठोकला. एकच, पण त्या शांततेत तो बंदुकीसारखा वाजला. मगदूमनं क्षणभर त्याच्याकडे, क्षणभर पाठींकडे बघितलं, आणि उलट शड्डू ठोकला.

पाठी हलल्या नाहीत. शड्डू कुणीही ठोकतं.

मग मातीवर काहीतरी जोरात आदळलं. कुणाचातरी श्वास फाटल्यासारखा निघाला. नामानं हलगी उचलली, एकच थाप मारली, थांबला, आणि मग त्याचे हात सुटले. एकेक करून पाठी वळल्या.

फोन

"तेजश्री! सोनसरीची उपस्थिती शून्य दाखवतेय! काय झालंय तिथं?"

"मैदान भरलंय, सर."

"इथं शून्य आहे! सरळ रेघ खाली गेलीय! एकही प्रेक्षक नाही!"

"काय? ऐकू येत नाही, सर. फार गर्दी आहे."

"तुला नोकरी..."

"ऐकू येत नाही!"

खरंच येत नव्हतं. माणसं पायऱ्या चढत होती, खुर्च्यांतले मुके स्पीकर ढुंगणाखाली घेत होती, आधी बसलेल्याला कोपर मारून सरक म्हणत होती. मगदूमनं मुलाणीला ढाकेवर घेतलं होतं आणि मुलाणी अजून पडला नव्हता.

तिसऱ्या ओळीत, कडेवर पोर घेतलेली एक बाई धापा टाकत मंगलपाशी आली. रिकाम्या खुर्चीकडे बोट करून म्हणाली, "मावशे, हितं कोन बसलंय का?"

मंगलनं खुर्चीकडे बघितलं. खुर्ची खोकली नाही.

"न्हाय गं," ती म्हणाली. "बस."